वाचकांचे प्रश्न : जेवणाऐवजी शेक घेऊन वजन उतरवावे का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयावरची आहेत. एखादे जेवण सोडून त्याजागी डब्यातल्या पावडरीचा शेक घेण्याची पद्धत सोलापुरात आता केवळ व्यायामशाळांपुरती राहिलेली नाही. ती शाळांच्या शिक्षक-खोलीत, चादरीच्या दुकानांत आणि लग्नघरांतही पोहोचली आहे. त्यामुळे या वेळी सदराची सगळी जागा या चार पत्रांना दिली आहे. पत्रे थोडक्यात छापली आहेत आणि लिहिणाऱ्यांची ओळख पटणार नाही एवढे बदल त्यांत केले आहेत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी ४१ वर्षांची असून जुळे सोलापूर भागात राहते आणि शाळेत शिकवते. उंची १५६ सेंटिमीटर, वजन ७८ किलो. थायरॉईडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी चार वर्षांपासून चालू आहे. माझ्या एका सहकारी बाईंचे शेकमुळे तीन महिन्यांत ९ किलो वजन उतरले. त्यांच्या ओळखीच्या 'वेलनेस कोच' मला सकाळी आणि रात्री शेक, दुपारी जेवण, शिवाय एक हर्बल चहा आणि काही गोळ्या घ्यायला सांगत आहेत. महिन्याचा खर्च साडेसात हजार रुपये सांगितला आहे. थायरॉईडची गोळीही हळूहळू सुटेल, असे त्या म्हणतात. आमचे एकत्र कुटुंब आहे, रात्री सगळ्यांना वाढून झाल्यावर मी जेवते. दोन कडक भाकऱ्या, शेंगांची चटणी, पालेभाजी, आमटी आणि थोडा भात, एवढाच आहार आहे. मी शेक सुरू करावा का? आणि सोडल्यावर वजन परत वाढेल का?

उत्तर : आपण शेक सुरू करू शकता, पण कोचने आखून दिलेल्या पद्धतीने नव्हे. माझा सल्ला असा की, दिवसातून एकदाच, तोही रात्रीच्या जेवणाऐवजी, १२ आठवडे शेक घ्यावा. त्याआधी थायरॉईड, हिमोग्लोबिन, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची एचबीएवनसी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि यकृताची चाचणी एवढ्या तपासण्या करून आपल्या डॉक्टरांना दाखवाव्यात. आणि पहिला डबा फोडण्याआधी, तेराव्या आठवड्यापासून रात्री ताटात काय असेल हे कागदावर लिहून काढावे. या शेवटच्या गोष्टीवर माझा सगळ्यात जास्त भर आहे, त्याकडे पुढे येतेच.

वजन उतरवण्याची आपली इच्छा रास्त आहे, हे आधी सांगते. आपला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, सुमारे ३२ येतो. भारतीयांच्या शरीरात कमी वजनालाच पोटाभोवती चरबी साठते आणि मधुमेह लवकर गाठतो, म्हणून आपल्याकडे २३ च्या वर जादा वजन आणि २५ च्या वर स्थूलता मानली जाते. बायकांच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा, हा दुसरा निकष आहे. शिवणकामाची टेप घरात असतेच. काट्याइतकाच तिचाही उपयोग करावा.

आता शेक नेमके काय करतो ते पाहू. पावडरीत चरबी वितळवणारे काहीही नसते. जिथे हजार कॅलरी पोटात जात होत्या तिथे सव्वादोनशे जातात, एवढेच घडते आणि तेवढे पुरेसे असते. आपण 'एवढाच आहार' म्हणता त्याचा हिशेब मांडून पाहा. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३३५ कॅलरी असतात. एका भाकरीला ६० ग्रॅम पीठ धरले तर दोन भाकऱ्यांचे ४०० झाले. कडक भाकरीच्या बाबतीत आपल्याकडे एक गैरसमज पक्का बसलेला आहे, तो असा की ती पचायला आणि वजनाला हलकी. हातात ती हलकी लागते खरी, पण ती तिच्यातले पाणी उडून गेल्यामुळे. पीठ मऊ भाकरीइतकेच असते, आणि कुरकुरीत असल्याने आमटीत कुस्करता कुस्करता तिसरीही सहज संपते. शेंगांची चटणी ही तर सोलापूरची शान, आणि तेल सुटेपर्यंत कुटलेली ती चटणी वरून आणखी तेल घालून खाण्याचीच रीत आहे. दोन मोठे चमचे चटणी आणि एक चमचा तेल मिळून दोनशेच्या पुढे जातात. भाजीचे तेल, आमटी, भात हे सारे धरले की आपले रात्रीचे जेवण हजाराच्या आसपास पोहोचते. त्याशिवाय स्वयंपाक करताना घेतलेली चव, आणि टाकवत नाही म्हणून मुलांच्या ताटातला संपवलेला शेवटचा घास, हे कोणत्याच हिशेबात येत नाही. यात कोणताही पदार्थ वाईट नाही. दिवसभर उभे राहून शिकवून आल्यावर, सगळ्यांना वाढून झाल्यावर, साडेनऊ वाजता भुकेजलेल्या बाईने मोजूनमापून जेवावे, ही अपेक्षा मात्र अवघड आहे. शेकचा खरा गुण इथे आहे. किती घ्यायचे हा निर्णय डब्यातल्या चमच्याने आधीच घेतलेला असतो.

थायरॉईडच्या बाबतीत मात्र कोचची योजना आपल्याला अपायकारक ठरेल. लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे आपली थायरॉईडची, गोळी सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर किमान अर्धा ते एक तास काही घ्यायचे नाही, हे आपल्याला ठाऊक असेलच. कॅल्शियम आणि लोह यांची पूरके या गोळीपासून चार तास दूर ठेवावी लागतात, कारण ती तिचे शोषण अडवतात. सोयाची प्रथिनेही शोषण कमी करतात. जेवणाची जागा घेणाऱ्या पावडरीत कॅल्शियम आणि लोह मुद्दाम घातलेले असते, आणि अनेक पावडरींचा पायाच सोयाचा असतो. सकाळी सहाला गोळी आणि सातला असा शेक घेतला तर गोळीचा काही भाग वायाच जाईल. थायरॉईड मंदावल्याने उतरणारे वजन अडेल आणि आपल्याला वाटेल की शेक लागू पडत नाही. म्हणून सकाळी नेहमीचा नाश्ता आणि रात्री शेक, असे मी सुचवले आहे. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे रक्तातली थायरॉईडची चाचणी, पुन्हा करून घ्यावी. केस गळतात म्हणून बायोटीनच्या गोळ्या कोणी दिल्या असतील तर त्या तपासणीच्या किमान दोन दिवस आधी बंद कराव्यात, त्यांच्यामुळे थायरॉईडचा अहवाल चुकीचा येऊ शकतो.

आपली गोळी सुटण्याचे आश्वासन कोणत्याही पावडरीच्या जोरावर देता येत नाही. थायरॉईड ग्रंथीच पुरेसे संप्रेरक तयार करत नसेल तर ते बाहेरून द्यावेच लागते. आरोग्यपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असे छापणे आपल्या देशात बंधनकारक आहे. आपल्या कोचच्या हातातल्या डब्यावर ती ओळ शोधावी. हर्बल चहा आणि गोळ्या मी घेऊ देणार नाही. हिरव्या चहाचा तीव्र अर्क आणि गार्सिनिया या वजन उतरवण्याच्या गोळ्यांत सर्रास आढळणाऱ्या घटकांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत, आणि ही इजा कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही.

डबा घेताना पुढच्या बाजूचे चित्र न पाहता मागची पोषणसारणी वाचावी. एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी परवाना क्रमांक तिथे असतोच. सारणीत बहुधा दोन रकाने असतात, एक नुसत्या पावडरीचा आणि दुसरा दुधात मिसळल्यावरचा. जाहिरातीत दुसऱ्या रकान्यातला आकडा मिरवला जातो, आणि त्यातली सात-आठ ग्रॅम प्रथिने तर आपल्या घरच्या दुधाच्या पिशवीतूनच आलेली असतात. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेच्या १९९१ च्या मानकानुसार एका जेवणाऐवजी घ्यायच्या मिश्रणात २०० ते ४०० कॅलरी असाव्यात आणि त्यांपैकी किमान पाव हिस्सा प्रथिनांतून यावा. म्हणजे २२० कॅलरींच्या पेल्यात निदान १४ ग्रॅम प्रथिने हवीत, शिवाय जीवनसत्त्वे आणि खनिजेही हवीत. घटकांच्या यादीत पहिल्या दोन-तीन नावांत साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (पिठापासून काढलेली, साखरेसारखीच झटकन पचणारी पूड) आले तर तो डबा परत ठेवावा. व्यायामशाळेत मिळणारी नुसती प्रथिन-पावडर ही वेगळी वस्तू आहे, ती जेवणाची जागा घेऊ शकत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत अशी प्रथिन-पूरके टाळावीत असेच म्हटले आहे. खर्चाचा हिशेब डब्याच्या किमतीवरून करू नये, एका पेल्याच्या किमतीवरून करावा. ५०० ग्रॅमच्या डब्यातून एका वेळी २५ ग्रॅम घेतले तर २० पेले होतात. दिवसाला एक पेला म्हणजे महिन्याला दीड डबा, आणि साडेसात हजारांचा आकडा तिथेच बराच खाली येतो.

पहिल्या आठवड्यात काटा दीड-दोन किलोने उतरला तर हुरळून जाऊ नये. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर आधी वापरली जाते, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बाहेर पडते, ते हे वजन. पुढे आठवड्याला अर्धा किलो उतरला तरी ते उत्तम समजावे. १२ आठवड्यांत चार-पाच किलो, म्हणजे आपल्या वजनाच्या पाच टक्क्यांहून थोडे अधिक, एवढ्यानेही साखर, रक्तदाब आणि गुडघे यांत फरक जाणवतो. आपल्या सहकारी बाईंचे ९ किलो आणि आपले ५ किलो यांची तुलना करू नये. आठवड्याला दीड किलोहून अधिक वेगाने वजन उतरले की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, आणि दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळू लागतात. केस परत येतात, खड्यांचे मात्र ऑपरेशन करावे लागू शकते. उतरणाऱ्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा चरबीखेरीज स्नायूंचाही असतो, म्हणून आठवड्यातून तीन दिवस खुर्चीतून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे असे स्नायूंना ताण देणारे व्यायाम करावेत. संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठाने चालणे चांगलेच आहे, पण नुसत्या चालण्याने हाता-खांद्यांचे स्नायू राखले जात नाहीत. शेकबरोबर काकडी, मुळा, गाजर, टोमॅटो चावून खावेत, नाहीतर चौथ्या दिवशी बद्धकोष्ठ होते आणि 'जेवलेच नाही' असे मनाला वाटत राहते. सोलापूरचा पारा मार्च संपता संपता चाळिशीकडे झुकतो. जेवण कमी झाले की जेवणातून मिळणारे पाणी आणि मीठही कमी होते, ते दिवसभर पाणी आणि दुपारी ताक घेऊन भरून काढावे.

आता वजन परत वाढण्याबद्दल. होय, वाढते, आणि जिथून निघालो त्याच ताटाकडे परत गेलो तर पूर्ण वाढते. युरोपीय संघाच्या नियमांत शेकविषयी दोन दावे मान्य आहेत. कॅलरी मोजून केलेल्या आहारात रोज दोन मुख्य जेवणांऐवजी घेतला तर वजन उतरायला मदत होते, आणि वजन उतरल्यानंतर एका जेवणाऐवजी घेतला तर ते टिकायला मदत होते. दोन जेवणे बदलली तर वेग वाढेल हे मला मान्य आहे. तरीही आपल्याला मी एकच सांगते आहे, एक तर थायरॉईडच्या गोळीमुळे, आणि दुसरे म्हणजे उरलेली दोन जेवणे नीट करण्याचा सराव याच १२ आठवड्यांत व्हायला हवा. तेराव्या आठवड्यात सातांपैकी दोन रात्री जेवण आणि पाच रात्री शेक, पंधराव्यात चार रात्री जेवण, आणि सतराव्यात सगळ्या रात्री जेवण, असे हळूहळू परतावे. ते जेवण कसे असेल ते आताच लिहावे : एक भाकरी, वाटीभर घट्ट डाळ किंवा मटकीची उसळ, दोन वाट्या भाजी, चटणी दह्यात कालवून एक चमचा, आणि भात रविवारी. चटणी बंद करायला मी सांगत नाही. ती बंद केली तर आपण सतराव्या आठवड्याच्या आतच कंटाळाल.

एक विनंती आपल्या घरच्यांना आहे. १२ आठवडे रात्री वाढायचे काम दुसऱ्या कोणीतरी करावे. भरल्या घरात सगळ्यांना गरम भाकरी वाढून स्वतः पेला घेऊन बसणे फार कठीण असते. मी सल्ला दिलेल्या अनेक बायकांचा शेक चौथ्या-पाचव्या आठवड्यात सुटला तो भुकेने नव्हे, याच कारणाने सुटला.

प्रश्न : वय ५२, व्यवसाय टॉवेल-चादरींचा. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ७४ किलो. पाच वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, नव्याने सुरू केलेली डापाग्लिफ्लोझिन आणि रक्तदाबाची गोळी घेतो. तीन महिने केवळ शेकवर, रोज ८०० कॅलरींवर राहिले की मधुमेह जातो, असे मोबाईलवर पाहिले. घरी डबे आणून ठेवले आहेत. सोमवारपासून सुरू करणार आहे. काही पथ्य?

उत्तर : सोमवारी सुरू करू नका. आपल्या गोळ्या आहेत तशा चालू ठेवून ८०० कॅलरींवर गेलात तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. दरदरून घाम, हातांना कंप, एकाएकी कडकडून भूक, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे आहेत, आणि अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीकडे आपण दुचाकीवरून जात असताना ती उद्भवली तर काय होईल याचा विचार करावा. डापाग्लिफ्लोझिनचा धोका वेगळा आहे. खाण्यातली पिष्टमय द्रव्ये एकदम कमी केली तर या गोळीमुळे रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्ले, साठून आम्लता वाढू शकते, आणि तेव्हा साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसल्याने दुखणे लवकर ओळखूही येत नाही. रक्तदाबही उतरतो. गेल्या एप्रिलमध्ये माझ्याकडे आलेले एक गृहस्थ शेक सुरू करून दहा दिवस झाले तरी रक्तदाबाच्या जुन्याच मात्रेवर होते. दुपारी दुकानाची पायरी उतरताना भोवळ येऊन पडले आणि कपाळाला चार टाके पडले.

आपण पाहिले त्यात तथ्य नाही असे मी म्हणत नाही, आणि तसे म्हणणे अन्यायाचे होईल. ब्रिटनमध्ये न्यूकॅसलचे प्राध्यापक रॉय टेलर आणि ग्लासगोचे प्राध्यापक माइक लीन यांनी सुमारे ३०० रुग्णांवर 'डायरेक्ट' नावाची चाचणी केली. तिचे निष्कर्ष डिसेंबर २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. त्यांपैकी निम्म्या रुग्णांना तीन ते पाच महिने रोज ८२५ ते ८५३ कॅलरींचे शेक आणि सूप दिले, नंतर दोन ते आठ आठवड्यांत क्रमाक्रमाने अन्न परत सुरू केले. वर्षअखेर या गटातल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण ४ टक्के होते. ज्यांचे वजन १५ किलो किंवा अधिक उतरले त्यांच्यात ते ८६ टक्के होते. वैद्यकाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे, आणि यकृत व स्वादुपिंडातली चरबी कमी झाली की काही काळ थकलेल्या पेशी पुन्हा काम करू लागतात, हे तिच्यामागचे कारण आहे.

पण त्या चाचणीत मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद केल्या होत्या, तेही डॉक्टर-परिचारिकांच्या नियमित देखरेखीखाली. इन्सुलिन घेणारे आणि सहा वर्षांहून जुना मधुमेह असलेले त्यात घेतलेच नव्हते. रुग्णांचा बीएमआय २७ ते ४५ होता आणि सरासरी वजन १०० किलोच्या आसपास होते. आपला बीएमआय २६ आहे. १५ किलो उतरवायला आपल्याकडे जादा वजन तेवढे नाही, आणि तशी गरजही बहुधा नाही. न्यूकॅसलमध्येच नंतर सडपातळ बांध्याच्या २० मधुमेहींवर छोटा अभ्यास झाला, त्यात शरीराच्या वजनाच्या साधारण दहा टक्के उतरवून २० पैकी १४ जणांची साखर औषधांशिवाय ताब्यात आली. आपल्या बाबतीत ते सात-साडेसात किलो होतात. एवढे वजन चार-पाच महिन्यांत, औषधे टप्प्याटप्प्याने कमी करत, दिवसातून एक किंवा दोन शेक आणि एक नीट जेवण यांवरही उतरवता येते.

'जातो' हा शब्द मात्र मनातून काढावा. त्याच ब्रिटिश चाचणीत दोन वर्षांनी औषधमुक्त राहिलेले ३६ टक्के होते, आणि पाच वर्षांनी, पाठपुरावा चालू राहिलेल्यांपैकी, १३ टक्के. वजन परत येईल तसा मधुमेहही परत आला. ज्यांचे वजन टिकले त्यांचा तो दूर राहिला. म्हणून साखर उत्तम आली तरी वर्षातून एकदा एचबीएवनसी, डोळ्यांच्या पडद्याची आणि पायांची तपासणी सोडायची नाही. डोळ्यांची तपासणी तर सुरू करण्याआधीच करून घ्यावी, कारण पडद्यावर आधीच दोष असेल तर साखर झपाट्याने उतरल्यावर तो काही काळ वाढू शकतो.

डबे घरात आहेत ते खराब होत नाहीत. औषधांच्या चिठ्ठ्या, शेवटचे अहवाल आणि एक डबा घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे. 'शेक घेऊ का' एवढेच विचारू नये. 'पहिल्या दिवशी कोणती गोळी बंद, कोणती निम्मी, आणि साखर किती उतरली तर आपल्याला फोन करायचा' असे विचारून उत्तर लिहून आणावे. ग्लुकोमीटर नसेल तर आधी तो घ्यावा. खिशात साखरेची पुडी असू द्यावी. वरची लक्षणे जाणवली तर तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यावी आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी.

प्रश्न : ताई, माझी मुलगी १६ वर्षांची आहे. मोठ्या बहिणीचे लग्न दोन महिन्यांवर आले आहे. फोटोत जाड दिसेन म्हणून ती हट्ट धरून बसली आहे, रात्रीचे जेवण तिने सोडलेच आहे. निदान पोटात काहीतरी जावे म्हणून शेक आणून देऊ का?

उत्तर : देऊ नका. सोळाव्या वर्षी हाडे अजून भरत असतात आणि पाळी नुकती स्थिरावत असते. वजन उतरवण्याचे शेक १८ वर्षांखालील मुलांसाठी नाहीत, तसेच ते गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांसाठीही नाहीत. परंतु आपल्या पत्रात मला वजनापेक्षा वेगळी काळजी वाटते. तिने जेवण सोडले आहे, आणि आपण तिची उंची-वजन लिहिलेले नाही, कदाचित ते जास्त नसेलही. ती सारखी आरशात पाहते का, जेवल्यावर लगेच मोरीत जाते का, दोन महिने पाळी आली नाही असे झाले आहे का, यावर लक्ष ठेवावे. यांपैकी काही असेल तर लग्नाच्या खरेदीआधी तिला बालरोगतज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. डब्यातला शेक आणून देणे म्हणजे 'तू जाड आहेस' या तिच्या समजुतीवर आईनेच शिक्कामोर्तब करणे होईल. रात्री तिच्याबरोबर बसून, पहिले काही दिवस वजनाचा विषयही न काढता, दोघींनी एकत्र जेवावे. आणि घरातल्या मोठ्यांपैकी जे कोणी तिला चिडवत असतील त्यांना आजच गप्प करावे, हे मी आपल्याला मनापासून सांगते.

प्रश्न : मी ६४ वर्षांचा निवृत्त कर्मचारी असून होटगी रस्त्यावर राहतो. वजन ८१ किलो, रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. एवढी महाग पावडर घेण्यापेक्षा घरच्या हुलग्याच्या माडग्याने किंवा डाळ्याच्या पिठाने तेच काम होणार नाही का?

उत्तर : एका जेवणापुरते बऱ्याच अंशी होईल. ४० ग्रॅम डाळ्याचे, म्हणजे साली काढलेल्या फुटाण्यांचे, पीठ १०० ग्रॅम दह्याच्या घट्ट ताकात घुसळले तर साधारण २१० कॅलरी आणि ११ ते १२ ग्रॅम प्रथिने मिळतात. त्याबरोबर एक उकडलेले अंडे चालत असेल तर आणखी ६ ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि हा पेला बाजारातल्या शेकच्या तोडीचा होतो. हुलग्यात तर १०० ग्रॅममागे २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. माडगे करताना मात्र आपण पाणी खूप आणि पीठ थोडे घेतो. मोठ्या वाटीभर माडग्यात दोन चमचे पीठ असेल तर प्रथिने चार-पाच ग्रॅमच मिळतील आणि तासाभरात भूक लागेल. शिवाय त्यात गूळ पडला तर हिशेब आणखी बदलतो. पीठ एकदा काट्यावर तोलून घ्यावे आणि ज्या वाटीत ते बसेल तीच वाटी रोज वापरावी.

घरच्या पेल्यात ठरावीक प्रमाणात घातलेली जीवनसत्त्वे आणि खनिजे नसतात, म्हणून दिवसातले एकच जेवण त्यावर काढावे. दोन्ही जेवणांऐवजी किंवा पूर्ण दिवसभर तो घेऊ नये. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत नुसत्या द्रवरूप प्रथिनांवर आठवडेच्या आठवडे राहण्याची लाट आली होती. ती प्रथिने जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेली, निकृष्ट दर्जाची होती, आणि हृदयाची लय बिघडून साठाच्या आसपास माणसे दगावली. अन्नाला पूर्णपणे दुसरा पर्याय शोधताना काय चुकू शकते हे तेव्हा जगाला कळले, आणि आजच्या पावडरींसाठीचे नियम कडक होण्यामागे तोही अनुभव आहे.

आपल्या वयात स्नायू आधीच झिजू लागलेले असतात, त्यामुळे मी आपल्याला महिन्याला दीड-दोन किलोहून अधिक उतरवू देणार नाही. क्रिएटिनिनची तपासणी वर्षभरात झाली नसेल तर आधी करून घ्यावी. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिने किती घ्यायची हे डॉक्टरच ठरवतील. युरिक अ‍ॅसिड वाढून अंगठा सुजण्याचा त्रास पूर्वी झाला असेल तर तेही त्यांना सांगावे, वजन भरभर उतरताना तो उलटू शकतो. वजन तीन-चार किलो उतरले की रक्तदाब घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून ते आकडे डॉक्टरांना दाखवावेत, गोळीची मात्रा कमी करावी लागू शकते. आणि त्या ताकात मीठ घालू नये, जिरेपूड आणि कोथिंबीर पुरते.